निम्मं आटवलेलं पाणी

लालबाग, बऱ्हाणपूर
६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

ती. मोतीराम काका,

साष्टांग नमस्कार. पहिल्या ओळीलाच कागद चुरगाळू नका, पत्र कामाचं आहे.

तुमच्या दापोऱ्याच्या विहिरीवर पंपाच्या खोलीत दीड वर्षापूर्वी जी पांढरी पेटी बसवली, तिची देखभाल आजपासून माझ्याकडे आली आहे. मी मागून घेतलेली नाही. आधी निंबा यायचा, तो नोकरी सोडून सुरतेला गेला. साहेबांनी त्याच्या सात पेट्या माझ्या बारांवर लादल्या. आता एकोणीस झाल्या. स्कूटीचं सीट फाटलंय आणि माझी कंबरही त्याच वाटेवर आहे. यादीत तुमचं नाव वाचलं तेव्हा मी साहेबांना म्हणाले, ही एक सोडून बाकी द्या. ते म्हणाले, का, तिथे वाघ आहे का?

पाच वर्षांपूर्वी मारुतीच्या पारावर चार माणसांत तुम्ही म्हणालात की प्रतिभा रावेरला सासरी परत जाईपर्यंत मी तिच्याशी बोलणार नाही आणि माझ्या घरातलं कुणी बोलणार नाही. मी परत गेले नाही आणि जाणारही नाही. ते असो. अडचण अशी की दर भेटीला पेटीतल्या कार्डावर विहीरमालकाची सही लागते, नाहीतर माझी फेरी धरत नाहीत. मी एक गुरुवार सोडून येईन, सकाळी अकराला. तुम्ही समोर यायची गरज नाही. कार्ड आणि पेन पेटीतच आहे, मागून सही करून ठेवा.

पेटी काय करते ते निंबाने सांगितलं नसेल. पंप चालू झाला की एका बारीक नळीतून थोडं पाणी बोटाएवढ्या सेन्सरला लागून जातं. तो पाण्यातलं नायट्रेट मोजतो, म्हणजे युरियासारख्या खतातून जमिनीत उतरणारा क्षार. त्याला ना चव ना वास. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं. सेन्सरवर शेवाळ, चिकटा बसला की तो भलतंच सांगायला लागतो, म्हणून मी येऊन पुसते आणि मोजमाप माहीत असलेल्या दोन बाटल्यांच्या पाण्यात बुडवून त्याला ठिकाणावर आणते. एवढंच माझं काम. बाबा गेल्यावर तुम्ही मला बी.एस्सी. केलंत ते ह्यासाठी नक्कीच नव्हतं.

काकूंना नमस्कार. नाही सांगितला तरी चालेल.

प्रतिभा

*

दापोरा
९ फेब्रुवारी

पेटीवाल्या बाईंस,

सही केली आहे.

मी बोलणार नाही असं म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. हे माझ्या बायकोने, यमुनेने शोधून काढलं, माझं डोकं नाही.

पेटीबद्दल माझ्या तक्रारी आहेत. एक, ती दर तासाला टुं करते, बैल बिचकतो. दोन, गावात म्हणतात ही पेटी सरकारला सांगते कोण किती पाणी उपसतो, मग मीटर बसणार. खरं काय ते लिहून दे, लेखी. तीन, दिवाळीनंतर मी केळीची खताची टाकी इकडे विहिरीला लागून आणली. गुडघे कामातून गेले, शेताच्या त्या टोकाला रोज जाववत नाही. आता इथेच युरिया कालवतो आणि इथूनच ड्रिपला सोडतो. टाकीमुळे तुझ्या पेटीला परेशानी होणार असेल तर आत्ताच सांग. नंतर कुणी साहेब येऊन हटवा म्हणाला तर मी हटवणार नाही.

आमच्या मोहितच्या बायकोला, मनीषाला, नववा लागला आहे. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच. घरात धावपळ आहे. हे तुला सांगायचं कारण नाही, पण यमुना डोक्याशी उभी आहे, लिही म्हणते.

मोतीराम

*

लालबाग
२० फेब्रुवारी

ती. काका,

तुमचा कागद पेटीत मिळाला, हे पोस्टाने पाठवते. लेखी देते: पेटी पाणी मोजत नाही, पाण्यातला क्षार मोजते. मीटरशी तिचा काही संबंध नाही. बैलासाठी टुं बंद केलं आहे. टाकीची मला काही अडचण नाही, पेटीचं दार उघडतं तेवढं पुरे.

तुमच्या पेटीची तब्येत बिघडलेली होती. निंबाने शेवटचे दोन-तीन महिने बहुतेक नुसतीच कार्डं भरली. गांधीलमाशीने आत मातीचं घर केलं होतं, सेन्सरवर बोटभर चिकटा. पुसला, टोकाचा पडदा नवीन बसवला. तरी काहीतरी भलताच आकडा दाखवत होतं. मग साहेबांना फोन केला आणि ठिकाणावर आणलं. आता चव्वेचाळीस दाखवतंय, म्हणजे हद्दीच्या आत. पंडितभाऊंच्या विहिरीवर अडतीस आहे, पलीकडे एक्केचाळीस. शेजारच्या विहिरींचे आकडे जवळजवळच हवेत.

ह्या कामाचा कंटाळा तुम्हाला सांगून काय उपयोग, पण दुसरं कोण आहे. बहादरपूरला एका बाईने पेटीच्या सोलरवर कुरडया वाळत घातल्या होत्या. वीज कशी येईल? मी काढा म्हटलं तर म्हणाली, ऊन काय तुझ्या कंपनीचं आहे का. जसोंडीला पेटीत एकाची तंबाखू असते, मी ती बाजूला करून काम करते आणि परत जागेवर ठेवते. संध्याकाळी खोलीवर आले की हाताला त्या बाटल्यांचा वास येतो आणि डोळ्यांपुढे आकडेच. स्वयंपाक करावासा वाटत नाही. केळं खाऊन झोपते. तुमच्याच गावची असतात, बाजारात ओळखू येतात.

मनीषाला जपा. मला कळवा. नुसतं 'मोकळी झाली' एवढं लिहिलं तरी पुरे.

प्रतिभा

*

दापोरा
३ मार्च

पेटीवाल्या बाईंस,

मोकळी झाली. २६ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दिवशी, मुलगा. पावणेतीन किलो. मोहितपेक्षा जास्त यमुनाच नाचते आहे.

मनीषाला दूध पुरत नाही. डॉक्टरीणबाईंनी पावडरीचा डबा लिहून दिला आहे, पाण्यात कालवून वाटी-चमच्याने पाजायचा. आता यमुनेचा प्रश्न. तिला मी म्हटलं हे असलं विचारायचं नाही, ती म्हणाली मग मी स्वतः विहिरीवर जाऊन बसते गुरुवारी. म्हणून लिहितो. विहिरीचं पाणी पोराला चालेल का? तुझ्या मशीनला विचार आणि सांग.

आम्ही सगळे ह्याच पाण्यावर वाढलो, तूही वाढलीस. पण यमुना म्हणते, प्रतिभा शिकलेली आहे, तिला विचारल्याशिवाय चमचा लावणार नाही. दोन दिवस झाले, दुकानातून बाटलीचं पाणी आणवते आहे.

मोतीराम

*

विहिरीवरून
६ मार्च, दुपारी पावणेबारा

प्रिय काका आणि काकू,

पत्र इथेच वाचलं आणि इथेच पंपाच्या खोलीत बसून लिहिते आहे. मला आत्या केलं त्या पिल्लाने! पाच वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा काही विचारलंत. एकोणीस पेट्यांचा शीण गेला म्हटलं तर खोटं होईल, पण निम्मा तरी गेला.

मशीनला विचारलं. चव्वेचाळीस सांगतं. चालेल. काकू, बाटल्यांवर पैसे घालू नका. फक्त कच्चं देऊ नका. भरपूर उकळा, आपल्याकडे बाळंतिणीला देतात तसं निम्मं आटवून, मग गाळून कोमट करून द्या. त्यात जंतू म्हणून उरणार नाही. कुणी विचारलं तर त्यांनाही हेच सांगा.

तो कुणावर गेलाय?

तुमची
प्रतिभा

*

दापोरा
१८ मार्च

प्रतिभास,

तू लिहिल्याप्रमाणे चालू आहे. यमुना रोज पहाटे उठून तांब्याचं पातेलं चुलीवर चढवते. निम्म्यावर आलं की उतरवते, कधी निम्म्याहून कमी. म्हणते जास्त आटलं तर जास्त चांगलं. मी म्हटलं लाकडं संपतील, तर माझ्याशीच भांडली. आजूबाजूच्या बायांनाही सांगत फिरते, माझ्या पुतणीने मशीनने तपासून सांगितलंय.

पोरगा कुणावर गेला विचारलंस. यमुना म्हणते माझ्यावर, सावळा. धुळवडीपासून मला त्याचे ओठ जास्तच सावळे वाटतात, निळसर म्हण. नखंही. हवा लागली असेल म्हणून यमुनेने कानटोपी घातली आहे. पितो कमी, झोपतो फार, रडत नाही. गुणी आहे.

दुसरं, पंपाच्या खोलीत एक आवाज येतो. खत सोडताना मध्येच लाइट गेली की पंप थांबतो आणि टाकीची नळी उलटी गुळगुळ करते, पाणी परत विहिरीत जातं तसा. टाकी आणली तेव्हापासूनचं आहे. तुझ्या पेटीतून येत असेल तर दुरुस्त कर, नाहीतर राहू दे.

आता मुद्द्याचं. बारसं केलं नाही अजून, केळीची कटाई चालू होती. पाडव्यानंतर करू म्हणतो. आणि नाव आत्यानेच कानात सांगावं लागतं. मोहितला दुसरी बहीण नाही. यमुना म्हणते, प्रतिभा आली नाही तर पोरगा बिननावाचा राहील. मी पारावर शब्द दिला आहे, तो मोडणार नाही. पण तू ये, नाव ठेव, जेव आणि जा. मी बोलणार नाही एवढंच. चालत असेल तर कार्डामागे लिही.

मोतीराम

*

दापोरा
२७ मार्च

चि. प्रतिभास मनापासून आशीर्वाद.

दवाखान्यात आपण बोललो. तरी लिहितोच आहे, कारण जे बोलायचं होतं ते तिथे तोंडातून निघालं नाही. पाच वर्षांत जिभेला सवय राहिली नाही.

परवा पोराला घरी आणलं. ओठ लाल झाले आहेत. रडतो, आणि एवढा रडतो की पंडितच्या घरापर्यंत ऐकू जातं. यमुना म्हणते रडू दे, गोड वाटतं. पाणी आता पंडितच्या विहिरीवरून आणतो, तुझ्या मशीनचा अडतीसचा आकडा पाहूनच.

त्या गुरुवारी तू माझं पत्र हातात घेऊन अंगणात धावत आलीस आणि ओरडलीस, 'हे पाणी बंद करा, बाळाला दवाखान्यात न्या,' तेव्हा मी काय केलं ते तू पाहिलंस. मी तोंड फिरवून गोठ्याकडे बघत राहिलो. शब्द दिला होता ना. यमुनेने पोराला उचललं नसतं आणि मोहितने गाडी काढली नसती तर मी तसाच उभा राहिलो असतो. हे मी विसरणार नाही, तू विसरलीस तरी.

तो तरुण डॉक्टर म्हणत होता हृदयात काही दोष असेल, इंदूरला न्या. तू म्हणालीस, आधी रक्त बघा, ह्यांच्या विहिरीत नायट्रेट आहे, त्याने तान्ह्याच्या रक्ताला प्राणवायू धरता येत नाही. सुईतून रक्त काढलं ते चिंचेच्या कोळासारखं होतं. ते बघून डॉक्टरच घाबरला. मग मोठे डॉक्टर आले, त्यांनी निळं औषध शिरेतून दिलं. इंदूरच्या रस्त्यावर पोरगा गेला असता, असं ते मला म्हणाले. मी तेव्हा तुला विचारलं, 'प्रतिभा, चहा घेतीस का?' पाच वर्षांनी एवढंच सुचलं.

टाकी हटवली आहे. तूच दाखवलंस की गुळगुळ म्हणजे युरियाचं पाणी उलटं विहिरीत जात होतं. आता शेताच्या त्या टोकाला आहे, आणि उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह मोहितने बसवला. गुडघ्यांचं बघू.

गावात सगळे म्हणतात, मोतीरामच्या पुतणीने आणि तिच्या मशीनने पोरगा वाचवला. मथुराबाई तुझी दृष्ट काढायला बसली आहे. बारसं ६ एप्रिलला, रामनवमीला. सगळं गाव बोलावलं आहे. मारुतीच्या पारावरच करणार, जिथे तो शब्द काढला तिथेच तुला पाटावर बसवणार आणि चार माणसांत सांगणार की मी चुकलो.

तुझा काका
मोतीराम

*

लालबाग
१ एप्रिल

ती. काका,

हे पत्र पेटीत ठेवायला गुरुवारची वाट बघत नाही. पंडितभाऊ बाजाराला आले होते, त्यांच्या हाती बंद पाकिटात देते आहे. एकट्याने वाचा.

मी पाटावर बसणार नाही.

२० फेब्रुवारीला तुमच्या मशीनने ब्याण्णव दाखवलं होतं. पुसल्यावर, पडदा बदलल्यावरही ब्याण्णव. मी सेन्सर दोन्ही बाटल्यांत बुडवून पाहिला. एकीत दहा आहे, तो दहा म्हणाला. दुसरीत शंभर आहे, तो शंभर म्हणाला. म्हणजे मशीन खरं बोलत होतं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे कळलं असतं. पण शेजारच्या विहिरी चाळीसच्या आसपास होत्या. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, एकच पेटी वेगळं बोलत असेल तर ती पेटीच खराब, शेजारच्यांशी जुळवून घे. मशीनमध्ये एक सोय असते, आकड्यातून ठरावीक आकडा वजा करायची. मी अठ्ठेचाळीस वजा केले. चव्वेचाळीस आलं. दुसरा उपाय होता: बाटली भरून पाणी बऱ्हाणपूरच्या लॅबमध्ये द्यायचं. त्याचा फॉर्म चार पानी असतो आणि त्या दिवशी अजून तीन विहिरी बाकी होत्या. माझ्या पायांत गोळे आले होते. साहेबांवर ढकलता येईल, पण बटण माझ्या बोटाने दाबलं.

तुम्ही तर सरळ विचारलं होतं, टाकी विहिरीला लागून आणलीय, अडचण आहे का? मी लिहिलं, दार उघडतं तेवढं पुरे. पत्र काढून परत वाचा, माझ्याच अक्षरात आहे.

आणि तुम्ही बाळाचं विचारलंत तेव्हा मी त्या खोट्या चव्वेचाळीसवर 'चालेल' म्हटलं. इतकी हरखले होते की दुसऱ्यांदा बाटलीत बुडवून बघण्याचंही सुचलं नाही. वर सांगितलं, निम्मं आटवा. काका, उकळल्याने जंतू मरतात. क्षार मरत नाही. पाणी उडून जातं आणि क्षार सगळा भांड्यात उरतो. निम्मं आटवलं की तो दुप्पट होतो. ब्याण्णवचं एकशे चौऱ्याऐंशी झालं. यमुनाकाकू रोज पहाटे उठून माझ्या सांगण्यावरून बाळासाठी तेच तयार करत होत्या, आणि जेवढी माया जास्त तेवढं ते जास्त आटत होतं. दुकानातलं बाटलीचं पाणी चालूच राहिलं असतं तर त्याला काही झालं नसतं. ते मी बंद करवलं.

वीस तारखेला तुमचं पत्र वाचलं, ओठ आणि गुळगुळ दोन्ही एकाच पानावर, तेव्हा मला सगळं एकदम कळलं. वजाबाकी काढून टाकली. सत्याण्णव आलं. दवाखान्यात मला लगेच नायट्रेटचं नाव सुचलं ते हुशारीने नाही, चोराला चोरी माहीत असते तसं.

मी साहेबांना आणि त्यांच्या वरच्या ऑफिसला लेखी कळवलं आहे. नोकरीचं काय करायचं ते ठरवतील. आठ दिवस झोप नाही, तुम्ही सगळे कौतुक करता ते ऐकवत नाही. आता तुम्ही पुन्हा अबोला धरलात तरी मी तक्रार करणार नाही.

प्रतिभा

*

दापोरा
४ एप्रिल

चि. प्रतिभास,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी राग आला. एवढा की पंडितला उगाच शिव्या दिल्या, पाकीट आणलं म्हणून. पुन्हा बोलायचं नाही असं मनात आलं, खोटं कशाला सांगू.

मग हिशेब लावला. धुळवडीला ओठ निळे दिसले. कागद लिहिला चार दिवसांनी, तू वाचलास सहाव्या दिवशी. अबोला नसता तर यमुनेने त्याच दिवशी तुला फोन केला असता. सहा दिवस पोरगा निळा पडत होता आणि आम्ही गुरुवारची वाट बघत होतो. हा अबोला कुणाचा? आणि ती गुळगुळ मी स्वतःच्या कानांनी चार महिने ऐकली. विहिरीत काय परत जातंय हे शेतकऱ्याला बाईने येऊन सांगावं लागलं.

तेव्हा असं कर. बारशाला ये. पाटावर बसायचं नसेल तर खाली बस. मी टाकीचं आणि अबोल्याचं सांगतो, तू आकड्याचं सांग. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. विहिरीजवळ टाकी ठेवणारे गावात अजून सहा-सात जण आहेत, त्यांनी ऐकलेलं बरं.

पण एक मागणं आहे. उकळण्याचं सांगू नकोस. नुसतं 'विहिरीत खत गेलं' एवढंच सांग. यमुनेने पंधरा दिवस धुरात बसून ते पाणी आटवलं. पोराला मांडीवर घेऊन तिनेच चमच्या-चमच्याने पाजलं. तिच्या हातून काय होत होतं हे तिला कळलं तर ती पुन्हा त्याला हात लावणार नाही, मी तिला ओळखतो. चाळीस वर्षांत तिच्याकडे मी काही मागितलं नाही, हे तिच्यासाठी तुझ्याकडे मागतो. तुझं पत्र मी माझ्या खिशातच ठेवलं आहे, कुणाला दाखवलेलं नाही. हे पंडितच्याच हाती पाठवतो.

मोतीराम

*

दापोरा
५ एप्रिल, शनिवार

प्रतिभा पोरी,

मी तुझी यमुनाकाकू. मले लिव्हाची सवय नही. चौथीनंतर आजच पेन धरला, चुकलं त समजून घे. मोहितच्या हाती आजच धाडते.

तुझ्या काकाचा सदरा धुवाले काढला त खिशात तुझं पत्र सापडलं. काल सांजेलेच वाचलं. अक्षर लावत लावत वाचाले दोन घंटे लागले. तो म्हणत असीन, यमुनेले सांगू नको. त्याच्या तोंडावर दिसतं सगळं. त्याले सांगू नको मले कळलं म्हणून, जीव लहान आहे त्याचा.

मी रडली. खोटं नही सांगत. चुलीपाशी बसून रडली. पोराले मांडीवर घ्यायची हिंमत झाली नही राती. मनीषा म्हणे, आई घ्या ना, त मी म्हटलं माझे हात ओले आहे.

तुझ्यावर राग आला का, त आला. थोडा. तू थकलेली व्हती हे बी पत्रात वाचलं. आधीच्या पत्रात त केळं खाऊन झोपते म्हणे. तशी झोपत नको जाऊ. उद्या बारशाले यायचंच आहे तुले, नाव तुलेच ठेवायचं आहे, ते मी कोणाले ठेवू देणार नही. आणि रायलेलं जेवण डब्यात बांधून देईन.

पण आटवायचं कोणी सांगणार नही, असं कसं चालीन? मी मालूबाईले सांगितलं व्हतं, मथुराबाईले सांगितलं व्हतं, जिच्या घरी लहान लेकरू तिले तिले सांगितलं व्हतं, निम्मं आटवा, माझ्या पुतणीनं सांगितलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्याईच्या विहिरीवर बी टाक्या आहे.

म्हणून आज सकाळी उठली आणि घरोघरी गेली. म्हटलं, बाई, मीच आटवलं, मीच पाजलं, माझा नातू निळा पडला तो माझ्या हातानं पडला. तुमी आटवू नका. पंडितच्या विहिरीचं आणा. बाया ऐकेनात. म्हणे विस्तवानं पाणी शुद्ध होते, त्यानं जहर कसं होईन? मी विचारलं, पातळ आमटी आटली त खारट होते का नही? मीठ कुठं गेलं मग? तवा पटलं.

आठ घरं केली. पाय दुखले. मालूबाई माझ्याकडे पाहेना, तिच्या नातीले बी तेच पाजलं व्हतं, ती उद्या बारशाआधी दवाखान्यात दाखवाले नेणार आहे. तू संगं जाशील, हे तिले सांगून आली. शेवटी मथुराबाईकडे गेली. तिची सून घरात एकटीच व्हती, लेकरू झोळीत, अन् चुलीवर पातेलं. निम्म्याच्या खाली आलं व्हतं. चूल मीच विझवली.

यमुना